ब्रुनोची दुसरी रात्र: व्हेट झाल्यावर पुन्हा का शिकायचं?

आज कुणी पाहुणा नाही, आज मी एकटीच बोलणार आहे. कारण असं की गेल्या महिन्यात बी.व्ही.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीची व्हॉइस नोट आली. ती म्हणाली, "मॅम, डिग्री झाली की लगेच क्लिनिक टाकू की एम.व्ही.एस्सी. करू? घरचे म्हणतात, अजून किती शिकणार?" मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि तीनदा डिलीट केलं. म्हटलं, हे नीट बसून सांगू.

मी हिंजवडीत प्रॅक्टिस करते. आपलं हिंजवडी म्हटलं की तुम्हाला आयटी पार्क, फेज वन-टू-थ्री आणि भूमकर चौकातलं ट्रॅफिक आठवतं. पण माझ्या कामाच्या हिशेबाने इथे दोन गावं आहेत. एक टॉवरमधलं, जिथे हस्की एसीमध्ये झोपतो. दुसरं माण-मारुंजीच्या बाजूचं, जिथे अजून गोठे आहेत आणि पहाटे दूध काढलं जातं. मी दोन्हीकडे जाते. आजची गोष्ट या दोन्हीमधली आहे.

आधी गोठ्याची. क्लिनिक टाकून वर्षही झालं नव्हतं. एका काकांचा फोन आला, "डॉक्टरताई, म्हैस बसलीय, उठंना. परवाच व्यालीय." जाऊन बघितलं तर कान थंडगार, मान पोटाकडे वळलेली. मिल्क फिव्हर. नावात फिव्हर असला तरी ताप नसतो यात. व्यायल्यावर दुधात एकदम कॅल्शियम जातं आणि रक्तातलं कमी पडतं. इलाज म्हणजे शिरेतून कॅल्शियम, पण सावकाश. घाईने सोडलं तर हृदय बंद पडू शकतं.

मी बाटली लावली आणि स्टेथोस्कोप म्हशीच्या छातीवर ठेवला, तो बाटली संपेपर्यंत काढला नाही. काका म्हणाले, "ताई, एवढं काय ऐकताय?" अर्ध्या तासाने म्हैस उठली आणि मला शाबासकी मिळाली. पण ती सवय माझी नव्हती. इंटर्नशिपमध्ये एक सर माझ्या मागे उभे राहायचे. कॅल्शियम सोडताना माझं लक्ष जरा इकडेतिकडे गेलं की ते बाटली खाली धरायचे आणि म्हणायचे, "कान कुठे आहे तुझा?" असं दहा-बारा वेळा झालं. त्यानंतर हात आपोआप छातीवर जायला लागला.

आता ब्रुनो. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, शुक्रवारी रात्री पावणेबाराला फेज थ्रीमधून एक जोडपं आलं. त्यांचा जर्मन शेफर्ड, सात वर्षांचा. पोट ढोलासारखं फुगलेलं, सारखा ओकायला बघतोय पण बाहेर फक्त लाळ. दादा म्हणाले, "गॅस झालाय वाटतं, मॅडम." गॅस नव्हता. जठराला पीळ पडला होता. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये हे जास्त दिसतं. जठर फुगतं, स्वतःभोवती फिरतं आणि मागच्या भागाकडून हृदयाकडे येणारं रक्त दाबून धरतं. म्हणून सलाईन पुढच्या पायांना लावायचं, मागच्या नाही. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं.

पण ऑपरेशन? इंटर्नशिपमध्ये एकदा लांबून बघितलं होतं, तेवढंच. पुण्यातल्या एका सीनियर सरांना फोन लावला. ते बाहेरगावी होते. म्हणाले, "नेण्यात वेळ जाईल. फोन स्पीकरवर ठेव, मी सांगतो." आधी हवा काढली, सलाईन दिलं, भूल दिली. पहाटे दोनला पोट उघडलं, पीळ सोडवला, जठराचा रंग परत आला, आणि पुन्हा फिरू नये म्हणून ते उजव्या बाजूला पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधलं. सकाळी आठला ब्रुनोने डोळे उघडून शेपटी हलवली. मी रडले. खरंच.

शनिवारी संध्याकाळी तो उभा राहिला, पाणी प्यायला. दादा म्हणाले, "घरी नेऊ का? इथे बावरतोय." मीही दोन दिवस झोपले नव्हते. म्हटलं, न्या.

रविवारी पहाटे चारला फोन वाजला. ब्रुनो पाणी प्यायला उठला आणि तिथेच कोसळला होता.

नंतर पुस्तक उघडलं. त्याच चॅप्टरमध्ये खाली लिहिलेलं होतं: या ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ईसीजीवर लक्ष ठेवा. ब्रुनो नेमका त्यानेच गेला का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण मी ईसीजी काढलाच नव्हता. आणि असे ठोके ताळ्यावर आणायला जे औषध वापरतात, ते लिग्नोकेन, माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. आम्ही ते जागा बधिर करायला रोज वापरतो.

आता विचार करा. म्हशीच्या छातीवरून मी अर्धा तास कान काढला नाही, आणि ब्रुनोच्या छातीला दुसऱ्या दिवशी नीट कान लावला नाही. दोन्ही गोष्टी पुस्तकात होत्या. दोन्हींचे मार्क मला मिळाले होते. फरक इतकाच की एका ठिकाणी माझ्या मागे कुणीतरी उभं राहिलं होतं.

माझ्या मते प्रगत क्लिनिकल ट्रेनिंग म्हणजे हेच.

यात बी.व्ही.एस्सी.चा दोष नाही हं. नीट देऊन आत गेल्यावर साडेपाच वर्षं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. गाय, म्हैस, शेळी, घोडा, कोंबडी, कुत्रा, मांजर, वर दूध आणि मांसाची तपासणी, पैदास, आहार. माणसांचा डॉक्टर एकाच प्राण्यावर तेवढीच वर्षं शिकतो आणि तरी पुढे तीन वर्षं एम.डी. किंवा एम.एस. करतो. आपल्याला मात्र वाटतं, डिग्री झाली, आता काय राहिलं?

मी क्लिनिक एका मैत्रिणीकडे सोपवलं आणि एम.व्ही.एस्सी. सर्जरीला गेले. दोन वर्षं. आपल्याकडे १८८६ पासून चालू असलेलं परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आहे, अकोल्याची पदव्युत्तर संस्था आहे. सगळी महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. मेडिसिन, सर्जरी आणि प्रसूतिशास्त्र हे यातले मुख्य क्लिनिकल विषय.

खरं सांगायचं तर सगळा वेळ केसेस नसतात. थिअरीचे पेपर असतात, संशोधन करून प्रबंध लिहावा लागतो. पण मला जे हवं होतं ते सकाळच्या राउंडला मिळालं. सर कधीच विचारायचे नाहीत की टाके कसे घातले. विचारायचे, "भूल दिल्यावर दहाव्या मिनिटाला बीपी किती होतं? कुणी बघितलं? रात्री दोनला कोण होतं जवळ?" आणि एखादा पेशंट गेला तर ती केस सगळ्यांसमोर मांडायची. ओरडा बसायचा नाही. फक्त विचारायचे, "आपण कुठे थांबायला हवं होतं?" मी ब्रुनोची केस तिथे मांडली. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते सगळं मोठ्याने बोलता आलं.

बाहेरच्या देशांत याची जरा वेगळी शिडी आहे. अमेरिकेत स्पेशालिस्ट व्हायचं तर डिग्रीनंतर साधारण एक वर्ष इंटर्नशिप, मग बहुतेक शाखांत तीन वर्षं रेसिडेन्सी, प्रत्येक केसची नोंद, आणि शेवटी बोर्डाची परीक्षा. सर्जरीचं अमेरिकन कॉलेज १९६५ पासून हे करतंय. युरोपातही असंच बोर्ड आहे. आपल्या एम.व्ही.एस्सी.त आणि त्यांच्या रेसिडेन्सीत मुख्य फरक काय? तिथे मोजमाप केसेसचं होतं: किती केल्या, कुणाच्या देखरेखीखाली केल्या. आपल्याकडे प्रबंधाचं वजन जास्त. आपल्या शहरांत ज्या वेगाने कुत्री-मांजरं वाढतायत, ते बघता आपल्यालाही अशी शिडी लागणार. मुंबईत २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटांचं मोठं स्मॉल अ‍ॅनिमल हॉस्पिटल सुरू झालं. इमारत, मशीन उभं राहतं. रात्री दोनला मॉनिटर बघणारा माणूस घडवायला मात्र वर्षं लागतात.

आता तुम्हा पेट पॅरेंट्ससाठी. ऑपरेशन ठरलं की तुम्ही "खर्च किती?" विचारता. विचाराच. पण सोबत हे तीन प्रश्नही विचारा. भूल दिल्यावर फक्त भुलेकडे लक्ष ठेवणारं वेगळं कुणी असेल का? ऑपरेशननंतरच्या रात्री जवळ कोण थांबेल? आणि हे इथे जमणारं नसेल तर तुम्ही कुणाकडे पाठवाल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. आणि एखादा डॉक्टर "हे माझ्याकडे नको, पुढे न्या" म्हणाला तर त्याला कच्चा समजू नका.

आणि व्हॉइस नोटवाल्या बाई, तुझ्यासाठी. एम.व्ही.एस्सी. कर किंवा एखाद्या चांगल्या सीनियरकडे दोन वर्षं काम कर. पैसे, घर, लग्न, सगळं बघूनच ठरव, त्यावर मी बोलणार नाही. फक्त जिथे जाशील तिथे पहिल्या दिवशी एक गोष्ट बघ: तुझ्या मागे उभं राहून "कान कुठे आहे तुझा?" विचारणारं कुणी आहे का? असेल तर थांब तिथे. घरच्यांना सांग, अजून एका ब्रुनोपुरतं शिकतेय.

क्लिनिक आता पुन्हा माझ्याकडे आहे. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की पेशंट किमान दोन रात्री इथेच राहतो. दुसऱ्या रात्री मी स्वतः थांबते. ड्रॉवरमध्ये लिग्नोकेन वेगळ्या कप्प्यात ठेवलंय, त्यावर स्केचपेनने एकच शब्द लिहिलाय. तुम्हाला कळलंच असेल कुठला.

काळजी घ्या, तुमच्या घरातल्या चार पायवाल्यांचीही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.