सिकलसेलचे संशोधन आणि रुग्णाची आई



भारतात सिकलसेलची नोंद 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत झाली. विदर्भात तो आदिवासींप्रमाणेच आपल्या बौद्ध वस्त्यांतही आहे. हायड्रॉक्सियुरियाचा गुण दाखविणारी 1995 ची गाजलेली चाचणी अमेरिका-कॅनडातील 299 प्रौढांवर झाली. आपल्या लेकरांचे काय? थंडी पडली की कोणते सांधे ठणकतात, शाळा किती दिवस बुडते, हे आईला तोंडपाठ असते. रक्ताचा नमुना नेणारे तिला ते क्वचितच विचारतात! आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनाच्या नैतिकता समितीवर एक सामान्य नागरिक असावा लागतो. ती जागा आपल्या मायमाउल्यांनी मागावी. आणि विद्यार्थ्यांनो, वस्तीत संमतीपत्र आले, तर आधी मराठीत वाचून दाखवा, सही-अंगठा मागाहून.