क्लचपॅकमधली फट



मी व्याख्याता नव्हे, गॅरेजवाला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. नंतर हातात पाना आला. आपल्या समाजातील पुष्कळ मुले आजही याच वाटेने गॅरेजात येतात. म्हणून संस्थेने ‘दोन शब्द बोला’ असे सांगितले, तेव्हा मी माझ्या धंद्यातलाच विषय घेतला. तो आहे, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स दुरुस्त करताना क्लचपॅकमध्ये किती फट ठेवायची.

‘ऑटोमॅटिक’ हा शब्द आपल्या नगरला नवा नाही. १९७२ साली निघालेली कायनेटिकची लूना आपल्यापैकी कित्येकांच्या घरी होती. तिला क्लचचा दांडा नव्हता. इंजिनाचा वेग वाढला की आतले तुकडे बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरीत आणि गाडी चाले. मोटारीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स याच्या फार पुढचा. आपल्याकडे लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर आहे. तेथील जवान ज्या टी-७२ रणगाड्यावर शिकतात, त्याला डाव्या-उजव्या बाजूस एकेक ग्रहमालेचा गिअरबॉक्स असतो, आणि त्यातही तेलाच्या दाबाने आवळल्या जाणाऱ्या चकत्यांच्या थप्प्याच गिअर धरतात. या थप्पीलाच क्लचपॅक म्हणतात.

मोटारसायकलचा क्लच उघडलेला तुम्ही पाहिला असेल. एक लोखंडी प्लेट, एक अस्तराची प्लेट, पुन्हा लोखंडी, पुन्हा अस्तराची. ऑटोमॅटिकमध्येही तसेच, पण काम उलटे. मोटारसायकलमध्ये स्प्रिंग प्लेटा दाबून धरते आणि आपण दांडा ओढून त्या मोकळ्या करतो. येथे स्प्रिंग पिस्टनला मागे ठेवते, त्यामुळे प्लेटा मोकळ्या असतात; तेल आले की पिस्टन पुढे सरकतो आणि त्या आवळतो. पिस्टनला किती सरकावे लागते, ती फट. थप्पीच्या वर एक जाड प्लेट आणि तिला अडवणारी सर्क्लिप असते. फट मोजायची ती या दोहोंमध्ये.

फट कमी राहिली तर तेल सोडल्यावरही प्लेटा एकमेकींना घासत राहतात, तापतात, अस्तर जळते. जास्त राहिली तर पिस्टनला लांब धावावे लागते. गिअर उशिरा पडतो, मध्ये इंजिन मोकळेच ओरडते, मग झटका बसतो. त्या घसरण्यातही अस्तर जळतेच. म्हणजे दोन्ही चुकांचा शेवट एकच, काळे तेल आणि करपट वास.

हा वास मी १९९८ साली घेतला. एका गृहस्थांची परदेशी बनावटीची गाडी माझ्याकडे होती. नव्या प्लेटा भरल्या, सर्क्लिप बसवली, बोटाने थप्पी हलवून पाहिली. उस्तादांनी तसेच शिकवले होते, “हिलता है ना? बस!” उस्ताद हाताचे पक्के होते, त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही, त्यांच्या काळातल्या गाड्यांना ते चाले. ही गाडी आठ दिवसांत परत आली. प्लेटा कोळशासारख्या झाल्या होत्या. दुसरा सेट मुंबईहून मागवला, माझ्या पदरच्या पैशाने.

गाडीचे पुस्तक माझ्याच कप्प्यात पडून होते, इंग्रजीतले. माझी पुतणी तेव्हा नववीत होती. तिला तक्ता दाखवला. तिने पाहिला आणि विचारले, “चाचा, हे आकडे इंचात आहेत की मिलिमीटरमध्ये?” हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. ०.०५० इंच म्हणजे १.२७ मिलिमीटर होतात. एका बिंदूची जागा चुकली की गिअरबॉक्स गेला.

त्या दिवसापासून मी मोजतो. कसे, ते थोडक्यात सांगतो. अस्तराच्या नव्या प्लेटा निदान अर्धा तास गिअरबॉक्सच्याच तेलात भिजत ठेवायच्या. कोरड्या भरल्या तर पहिल्याच वेळी जळतात. प्लेटांचा क्रम पुस्तकाप्रमाणे लावायचा. काही थप्प्यांत एक लहरदार प्लेट असते. ती दाबून माप घ्यायचे की न दाबता, हे त्या गाडीचे पुस्तकच सांगते. मग फिलर गेजच्या पात्याने तीन-चार ठिकाणी माप घ्यायचे. माप सगळीकडे सारखे नसेल तर एखादी प्लेट वाकडी आहे किंवा खाचेत नीट बसलेली नाही.

आता गणित. समजा, पुस्तक म्हणते १.२ ते १.६ मिलिमीटर. फट निघाली २.१. वरची जाड प्लेट ४.० ची आहे आणि बाजारात ती ०.२ च्या अंतराने मिळते. ४.६ ची घातली तर फट १.५ राहील, ४.८ ची घातली तर १.३. दोन्ही चालतील, पण अस्तर झिजेल तशी फट वाढत जाणार, म्हणून मी ४.८ ची घालतो. पाचवी-सहावीचे दशांश अपूर्णांक, याहून अवघड काही नाही. शेवटी तेलाच्या भोकातून बेताची हवा सोडून पाहायचे. ‘ठक्’ असा भरीव आवाज आला तर पिस्टन धरतो आहे. नुसती फुसफुस झाली तर सील फाटले किंवा उलटे बसले.

काही पालक विचारतात, विजेच्या गाड्या आल्यावर या कामाचे काय? पुष्कळशा विजेच्या गाड्यांत क्लचपॅक नसतो, हे खरे आहे. तेव्हा मी मुलाला फक्त क्लचपॅक शिकवा असे म्हणत नाही. माझ्याकडे पोरगा घेऊन येणाऱ्या बापाला मी एवढेच सांगतो, “दहावी होऊ द्या, मग आणा, सुटीत आणलात तरी हरकत नाही.” काही जण रागावून दुसऱ्या गॅरेजात जातात. घरची अडचण मला कळते, मीही त्याच घरातला. पण दहावीनंतर आयटीआयचा दरवाजा उघडा असतो, आणि मायक्रोमीटर वाचता येणारा मुलगा माझ्याकडे येतो तेव्हा त्याला पगार जास्त द्यावा लागतो. मी देतो.

सोबत एक जुना ड्रम, प्लेटा आणि फिलर गेज आणले आहे. कार्यक्रमानंतर टेबलाजवळ या. मुलींनीही यावे. प्रत्येकाने माप घ्यावे आणि आकडा फळ्यावर लिहावा, कोणत्या एककात तेही लिहावे. फडके ठेवले आहे. तरी बाह्या वर करून या, या तेलाचा डाग सहजी निघत नाही.