यंत्राच्या चित्रात आपण कोठे?

(संस्थेच्या केंब्रिज येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





आम्ही पेशाने डॉक्टर. कलेचे समीक्षक नव्हे. तरीही आज संगणकावर घडणाऱ्या कलेविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत. स्वयंचलित यंत्रांविषयी माणसाच्या मनात जी आशा आणि जी भीती दाटलेली आहे, ती या कलेत स्पष्ट उमटते. ज्या केंब्रिज नगरीत आपण जमलो आहोत, तेथेच या आशा-भीतीचा बारकाईने अभ्यास झालेला आहे. त्या अभ्यासाकडे आपल्या इतिहासाच्या नजरेने पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे.

या नगरीचे संगणकाशी नाते जुने आहे. येथील विद्यापीठात मे १९४९ मध्ये 'एडसॅक' हा संगणक चालू झाला. पुढे येथील भाषा-संशोधन केंद्रातील विदुषी मार्गारेट मास्टरमन आणि त्यांचे सहकारी रॉबिन मॅकिनन वुड यांनी संगणकाच्या साहाय्याने हायकू रचण्याचा प्रयोग केला. १९६८ साली लंडनच्या 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी' या गाजलेल्या प्रदर्शनात तो मांडण्यात आला. ओळींचा साचा यंत्राने पुरवायचा आणि रिकाम्या जागी घालायचा शब्द यादीतून माणसाने निवडायचा, अशी ती रीत होती. मग ती कविता कोणाची, यंत्राची की माणसाची? आज घरोघरी विचारला जाणारा हा प्रश्न त्या खेळकर प्रयोगात तेव्हाच उभा राहिला होता.

२०१६ साली येथे बुद्धिमत्तेच्या भवितव्याचा विचार करणारे 'लेव्हरह्यूम सेंटर' स्थापन झाले. कृत्रिम बुद्धिमत्ता ही मानवजातीच्या वाट्याला आलेली सर्वांत चांगली तरी गोष्ट ठरेल किंवा सर्वांत वाईट तरी, असा इशारा स्टीफन हॉकिंग यांनी त्या केंद्राच्या उद्घाटनप्रसंगी दिला. याच केंद्रातील स्टीफन केव्ह आणि कांता दिहाल यांनी यंत्रविषयक कथा, चित्रपट व लेखन तपासून २०१९ साली चार आशा आणि त्यांना चिकटलेल्या चार भीती मांडल्या. अमरत्वाची आशा, तर माणूसपण हरवण्याची भीती. आरामाची आशा, तर निरुपयोगी ठरण्याची भीती. इच्छापूर्तीची आशा, तर माणूस माणसाला दुरावण्याची भीती. आणि चौथी जोडी, प्रभुत्वाची आशा आणि बंडाची भीती.

त्याच सुमारास ब्रिटनमधील जनतेची पाहणी करून या आठांविषयी लोकांना काय वाटते, हे विचारण्यात आले. जीवन सुकर होईल आणि आयुष्य वाढेल, या दोनच कल्पनांविषयी लोकांना चिंतेपेक्षा उत्सुकता अधिक वाटत होती. बाकी सहांबाबत चिंतेचे पारडे जड होते. डॉक्टर या नात्याने आम्हाला त्याहून बोचले ते पाहणीतून दिसलेले हतबलपण. हे सारे सरकार आणि बड्या कंपन्या ठरवणार, आपल्या हाती काही नाही, असे लोकांना वाटत होते.

बंधुभगिनींनो, या चौथ्या जोडीपाशी आपण क्षणभर थांबले पाहिजे. 'रोबो' हा शब्द जगाला दिला तो चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० मधील नाटकाने. तो सुचवला त्यांचे बंधू जोसेफ यांनी, आणि ते होते चित्रकार. त्या शब्दाच्या मुळाशी आहे सक्तीचे श्रम, म्हणजेच आपल्या भाषेतील वेठ! वेठ हा शब्द आपल्या पूर्वजांना कोशात पाहावा लागला नाही. गावाचा निरोप पोचवणे, मयताची वर्दी देणे, मेलेली गुरे ओढणे, सरकारी कामगाराचे ओझे वाहणे, हे सारे वतनाच्या नावाखाली रात्री-अपरात्री करावे लागे. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ते जोखड कायद्याने उतरायला १९५८ साल उजाडले. हाक मारताच हजर होणारे, न थकणारे, प्रश्न न विचारणारे हात ही ज्यांची गरज होती, त्यांनाच त्या हातांच्या बंडाचे भय होते. यंत्राच्या बंडाची भीती ही धन्याची भीती आहे. ती आपली म्हणून आपण उसनी का घ्यावी?

यंत्राची प्रचलित चित्रे पाहा. पांढऱ्याशुभ्र कांतीचा यंत्रमानव, निळा झगमगता मेंदू, माणसाच्या बोटाला टेकणारे यंत्राचे बोट! या शुभ्रपणामागे वंशाची कल्पना दडलेली आहे, हे केव्ह आणि दिहाल यांनी २०२० साली एका निबंधात दाखवून दिले. २०२१ साली 'बेटर इमेजेस ऑफ एआय' हा उपक्रम सुरू झाला, त्यालाही केंब्रिजच्या या केंद्राचे साहाय्य लाभले. यंत्रामागची माणसे आणि त्यांचे श्रम दाखवणारी चित्रे कलावंतांकडून घेऊन ती सर्वांना मुक्तपणे वापरू द्यावीत, असा त्याचा उद्देश आहे.

यंत्राविषयी बाबासाहेबांची भूमिका निःसंदिग्ध होती. काँग्रेस व गांधीजींच्या अस्पृश्यविषयक कार्याची चिकित्सा करणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधाचा समाचार घेतला. दोष यंत्राचा नसून, त्याचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेचा आहे. म्हणून यंत्र मोडू नका, रचना बदला, हे त्यांचे सांगणे होते. यंत्रामुळे फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून संस्कृती नाही, हेही त्यांनी बजावले. पिढ्यान् पिढ्या ज्यांना फुरसत नाकारली गेली, त्यांना या विचाराचे मोल वेगळे सांगायला नको.

आपल्या आशेचे चित्र काढायचे झाले, तर ते कसे असेल? भारतात २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घातली, तरी त्यानंतरही माणसे गटारात गुदमरून मेली आहेत. केरळमधील तरुण अभियंत्यांनी घडवलेला 'बँडिकूट' हा रोबो २०१८ पासून गटारे उपसण्याच्या कामी येऊ लागला, आणि सफाई कामगारांनाच तो चालवण्याचे शिक्षण देण्यात आले. ज्याचा बाप गटारात उतरला, तो वर उभा राहून यंत्र चालवतो, हे चित्र आम्हाला कोणत्याही झगमगत्या मेंदूपेक्षा सुंदर वाटते.

आपली भीतीही वेगळी आहे. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे उपकरण आता सर्वांच्या परिचयाचे आहे. २०२० साली अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले की, प्राणवायूची कमतरता या उपकरणाच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. ते यंत्र कोणाचा द्वेष करीत नव्हते. सावळ्या कातडीसाठी ते पुरेसे पारखले गेले नव्हते, इतकेच. पण रुग्णाच्या दृष्टीने परिणाम तोच! म्हणून यंत्र बंड करील याहून, यंत्र आपल्याला मोजताना चुकेल आणि ती चूक कोणी तपासणार नाही, हे भय आम्हाला अधिक खरे वाटते.

या भयावर कलेने काय करावे, याचा एक धडा जॉय बुओलाम्विनी या कृष्णवर्णीय संशोधिकेने घालून दिला. चेहरे ओळखणाऱ्या संगणकप्रणाली नामवंत कृष्णवर्णीय स्त्रियांना पुरुष ठरवतात, हे तिने २०१८ साली एका चित्रफितीतील कवितेतून दाखवले. तिने संशोधनही केले आणि कविताही. आकडे तज्ज्ञांना पटले. कविता सामान्यांच्या काळजाला भिडली.

आपली मुले या देशातील विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकत आहेत, ही अभिमानाची बाब आहे. आमची पालकांना कळकळीची विनंती आहे की, मुलीच्या हाती संगणक देताना आजीच्या वेठीची हकीगतही तिच्या कानी घाला. ती उद्या यंत्र घडवील, किंवा त्याचे चित्र रेखाटील. दोन्ही वेळी, यात राबणारा कोण आणि लाभ कोणाचा, हा प्रश्न तिने विचारावा. 'आपल्या हाती काही नाही' हे वाक्य बाबासाहेबांच्या अनुयायांच्या तोंडी शोभत नाही.



जय भीम!