प्रॉम्प्टनं माझा फोल्डर उडवला!

आज टर्मिनलची गोष्ट, आणि त्यात चूक माझीच.

बॅशचा प्रॉम्प्ट सजवायला मी एक फंक्शन लिहिलं होतं. चालू फोल्डरचा पत्ता 'डिर' नावाच्या व्हेरिएबलमध्ये घ्यायचा आणि रंगीत करून दाखवायचा. नवा प्रॉम्प्ट येण्याआधी ते दरवेळी चालायचं.

एका रात्री साफसफाई करत होतो. 'डिर'मध्ये कचऱ्याच्या फोल्डरचा पत्ता टाकला, एंटर मारला. पुढच्या ओळीत 'आरएम' लावून 'डिर' उडवला. उडाला भलताच! मधल्या क्षणात प्रॉम्प्टनं 'डिर'मध्ये मी काम करत होतो तोच फोल्डर भरला होता. दोन दिवसांचा कोड गेला. बॅकअप? नव्हता.

कारण साधं आहे. बॅशआरसी फाइल आपल्या चालू शेलमध्येच वाचली जाते, आणि बॅशमध्ये फंक्शनच्या आतला व्हेरिएबलसुद्धा, वेगळं सांगितलं नाही तर, ग्लोबल असतो. हॉस्टेलवर सगळ्यांचे डबे एकाच फळीवर, नाव न घालता ठेवल्यासारखं!

उपाय तीन. फंक्शनमधल्या व्हेरिएबलआधी 'लोकल' लिहा. 'पीएस-वन' तेवढा बाहेर राहू द्या. फंक्शनच्या नावांना स्वतःचा उपसर्ग लावा. गिटच्या प्रॉम्प्ट फंक्शनचं नावही दोन अंडरस्कोर आणि 'गिट'नं सुरू होतं. आणि सेटअपपुरतं लागलेलं शेवटी 'अनसेट' करा.

मोबाइलवर टर्मक्स वापरत असाल तरी हेच. आज नुसतं 'सेट' टाइप करून यादी बघा. तुमच्या फळीवर कुणाकुणाचे डबे आहेत ते कळेल. भेटू पुढच्या भागात!