खाऊचे पैसे संपू द्या



वाशी-नेरूळच्या कुठल्याही दुकानात संध्याकाळी घटकाभर उभे राहा. आई सामान घेते, फोन काढते, स्कॅन करते, दुकानातला स्पीकर रक्कम सांगतो आणि व्यवहार संपतो. शेजारच्या मुलाने काय पाहिले? पिशवी भरताना पाहिली, पाकीट रिकामे होताना पाहिलेच नाही. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले. म्हणजे आजची प्राथमिक शाळेतली मुले जवळजवळ त्याच्याच बरोबरीची. ‘पैसे नाहीत’ म्हटले की ती सरळ म्हणतात, ‘फोनमध्ये बघ ना!’

पूर्वी पगाराच्या दिवशी वाण्याचे, दुधाचे, भाड्याचे पैसे मुलांसमोर वेगळे काढले जात. महिनाअखेर डोळ्यांना दिसे. आता ती मुद्दाम दाखवावी लागते. त्यासाठी खाऊचे पैसे हे उत्तम साधन आहे.

ठरलेल्या वारी, ठरलेली रक्कम, रोख द्या. रक्कम आपल्या ऐपतीने ठरवा, वर्गमित्राला किती मिळतात यावर नाही. डबा, वह्या, बसभाडे हा आपला खर्च. तो यात धरू नका. समजा, पाचवीतल्या मुलाला आठवड्याचे पन्नास रुपये दिले. सोमवारी वडापाव, मंगळवारी रंगीत पेन आणि बुधवारी खिसा रिकामा! इथेच आईबाप हरतात. रडवेला चेहरा पाहून आणखी वीस रुपये काढून देतात. मग मूल एकच गोष्ट शिकते : पैसे संपत नाहीत, फक्त कोणाकडे मागायचे ते ठाऊक हवे. तेव्हा मन घट्ट करा. रागावू नका, पण पुढच्या वारापर्यंत थांबायला लावा.

दुसरी गोष्ट, दिलेले पैसे त्याचेच. दिवाळीत मामाने हातावर ठेवलेली नोट ‘दे, मी ठेवते’ म्हणून कपाटात जाते आणि पुढे तिचे काय झाले ते मुलाला कळतही नाही. असे झाले तर साठवावे कशाला, असेच त्याला वाटणार. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. त्याला किमान पाचशे रुपये लागतात. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये तशी मुभा दिली, एप्रिल २०२५ मध्ये सुधारित सूचना काढल्या. किती रकमेपर्यंत, कोणत्या अटींवर, हे प्रत्येक बँक ठरवते. मुलाला सोबत न्या, स्लिप त्यालाच भरू द्या.

आणि घरात ‘हे या महिन्यात परवडणार नाही’ असे मोकळेपणाने बोला. त्यात कमीपणा नाही. पाचवीत पन्नास रुपये उधळले, तर चार दिवस वडापाव मिळत नाही. हीच सवय पहिल्या पगारापर्यंत टिकली आणि हाती क्रेडिट कार्ड आले, तर हप्ते फेडण्यात वर्षे जातात.