आधी श्वास, मग नाडी

आकाशवाणीनं मला कॉर्सेट आणि गाणं या विषयावर बोलायला सांगितलंय. युरोपातल्या बायका देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या नाहीतर पोलादी पात्या घातलेली चोळी दोऱ्यांनी आवळून घेत. कंबर बारीक दिसे आणि श्वास वर छातीतच अडे. ते तिकडचं झालं. पण आपण त्यातून सुटलो असं समजू नका. आपल्याकडे परकराची नाडी आहे, आणि हल्ली साडीखाली शेपवेअरही आलंय.

श्वास घेताना पोट पुढे येतं. पुन्हा सांगते, पुढे येतं, आत जात नाही. फुप्फुसांखालचा पडदा खाली उतरतो, खालच्या बरगड्या बाजूंना फाकतात. नेमकं तिथंच करकचून बांधलं, तर पेटीचा भाता निम्माच उघडावा तसं होतं. मग खांदे उचलले जातात, मानेच्या शिरा फुगतात आणि तान मध्येच तुटते.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे येते. संगीत नाटकांत बायकांच्या भूमिका करणारे गायक-नट बालगंधर्व! 1911 च्या 'मानापमाना'तली भामिनी, 1916 च्या 'स्वयंवरा'तली रुक्मिणी. अंगावर भरजरी शालू, दागिने, नाटक रात्रभर चाललेलं, आणि वर वन्समोअर. कसं जमत असेल? गळा दैवी होता, तालीम भास्करबुवा बखल्यांची होती, हे खरंच. पण नेसणंही बघा. नऊवारीला परकर नाही, नाडी नाही. लुगड्याचीच गाठ मारायची, निऱ्या खोचायच्या, कासोटा मागे घ्यायचा. गाठ किती ओढायची ते आपल्या हातात. आजही तसंच दिसतं: मी राहते त्या करंजाडे-पनवेल भागात आगरी लग्नांत धवलारणी, म्हणजे लग्नविधींची गाणी म्हणणाऱ्या बायका, धवले गातात. विधी लांबतात, तसं त्यांचं गाणंही लांबतं. बसून, लुगडं नेसून गातात, दम लागत नाही.

म्हणून नऊवारी चांगली आणि नाडी वाईट, असं मात्र नाही हं. 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची हकिगत प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी घट्ट बांधून जखम झाली, ती भरेना, आणि शेवटी तिथं त्वचेचा कर्करोग निघाला. त्यातली एक परकर न घालता लुगडंच घट्ट नेसायची. दोष आवळण्याचा आहे.

आता थोडं रागावते. गणपतीतल्या कार्यक्रमाला मुली शिवलेली नऊवारी घालून येतात. कंबर टाचून घेतलेली, वर घट्ट कमरपट्टा. आणि विंगेतून आई सांगते, "पोट आत घे!" अहो, फोटोत पोट आत, तर गाण्यात सूर कुठून येणार? मुलीला गायला उभी करताय ना? मग तिचं पोट सुटू द्या की!

वेळ संपत आली, समोरून खूण झाली. पुरुषांच्या पट्ट्याबद्दल बोलायचं राहूनच गेलं, पण नियम तोच. मांडी घालून बसा. पोटभर श्वास घ्या, आणि तो आत असतानाच नाडी बांधा. मग बरगड्यांच्या खालच्या कडेला दोन्ही हात ठेवा. पुन्हा श्वास घेऊन एक सा लावून बघा. श्वास घेताना हात बाजूला सरकले तर बरोबर, नाहीतर सोडा आणि पुन्हा बांधा. शक्यतो रुंद पट्टीचा परकर घ्या, आणि रोज एकाच रेषेवर बांधू नका. लक्षात काय ठेवायचं? आधी श्वास, मग नाडी.