फुलाचा पंचनामा



पावसाच्या तोंडाशी वसईच्या बाजारात पूर्वेकडच्या पाड्यांवरील बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसल्या, म्हणजे आपल्या मनात लगेच येतात ती काकडाची फळे, कारण ती आंबट फळे न घालता केलेली शेवळाची भाजी घशाशी कसे वैर धरते हे घरोघर ठाऊक असते; परंतु ज्याला आपण भाजी म्हणून चिरतो तो वस्तुतः उमलू पाहणारा फुलोरा आहे, आणि तो न खुडता राहू दिला तर त्याचे आवरण उलगडून आतला जांभळट दांडा दिमाखाने उभा राहतो, हे या सभेत कितीजणांनी पाहिले असेल याविषयी मला शंका आहे. मी पाहिला तो कॅमेऱ्याच्या नादापायी. माश्यांना भुलविणारी त्याची दुर्गंधी छायाचित्रात उतरत नाही, हे छायाचित्रकलेचे वैगुण्य समजावे की उपकार, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या छंदाला मोठे भांडवल लागत नाही. हातातला साधा मोबाइलही पुरतो. मात्र फुलाच्या उंचीपर्यंत खाली येण्याची, म्हणजे प्रसंगी चिखलात पालथे पडण्याची, तयारी हवी. पांढरे फूल भर दुपारच्या उन्हात टिपले तर पाकळ्यांवरच्या रेषा पुसल्या जाऊन नुसता पांढरा डाग हाती लागतो. म्हणून आपल्याकडे ज्याला लोक वाईट हवा म्हणतात ते ढगाळ आभाळ आमच्या दृष्टीने सर्वोत्तम. वाऱ्याचा मात्र बंदोबस्त करता येत नाही. तो पडेपर्यंत थांबावे, एवढेच.

माझी पहिली दोन वर्षे सुंदर चित्रे काढण्यात गेली. ती सारी एका वनस्पतिशास्त्राच्या जाणकारापुढे मोठ्या अभिमानाने मांडली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘‘पाने कुठे आहेत?’’ त्या प्रश्नापुढे माझे सारे दप्तर रद्द झाले. कळलावीचेच पाहा: मागे वळलेल्या, हिरवट पिवळ्यापासून लालबुंद होत जाणाऱ्या तिच्या पाकळ्या सर्वांनी टिपलेल्या असतात, पण ज्यांच्या आधाराने ती वेल शेजारच्या झुडपाला धरून वर चढते ती पानाच्या टोकाची कुरळी सूत्रे क्वचितच कोणाच्या चित्रात सापडतात. तेव्हापासून मी फुलाचा रीतसर पंचनामा करतो: समोरून, बाजूने, पाठीमागून, पान, देठ, जमीन, आणि तारीख व ठिकाण यांची नोंद. वसईजवळचे तुंगारेश्वराचे रान २००३ सालापासून अभयारण्य आहे. तेथील रोप उपटून कागदात दाबून ठेवण्याचा अधिकार तुम्हाआम्हांला नाही, म्हणून आपल्यापाशी पुरावा उरतो तो या चित्रांचाच.

हौशी माणसाच्या हातून काय होणार, असा प्रश्न येथे कोणी काढील, तर त्याला मी दोन अभियंत्यांचा दाखला देईन. वसईचा जुना लोखंडी रेल्वेपूल उभारणारे थिओडोर कुक पुढे पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला व ज्याच्यावाचून आजही अभ्यासकाचे पान हलत नाही, तो याच पूल बांधणाऱ्या गृहस्थांनी लिहिलेला आहे. दुसरे पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर, तेही अभियंतेच. सह्याद्रीतील फुलांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक २००१ साली निघाले, आणि पाठपिशवीत ते घेऊन डोंगर चढणारी एक पिढीच तयार झाली. कुक यांनी पानाच्या कडेपासून बीजापर्यंतचा जो तपशील शब्दांत दिला, त्याची ओळख इंगळहळीकरांनी सामान्य वाचकाला डोळ्यांनी करून दिली. दोघांपैकी एकाचाही मूळ पेशा वनस्पतिशास्त्र नव्हे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता पुन्हा शेवळाकडे येतो. त्याचा फुलोरा आधी येतो आणि पान मागाहून. ते वर येते तेव्हा फुलोऱ्याचा डौल मावळलेला असतो, त्यामुळे एका फेरीत त्याचा पंचनामा पुरा होणे शक्य नाही. यंदा ज्यांना ते पहिल्या सरींच्या सुमारास उमललेले दिसेल, त्यांनी शेजारच्या एखाद्या दगडाची वा झाडाची खूण नीट लक्षात ठेवावी, आणि महिन्याभराने त्याच जागी पानासाठी पुन्हा जावे.